कोरडा फड

पावसाने ओढ दिलेल्या वर्षी आमच्या गावच्या टेकडीवरून खाली पाहिलं, की पांझरेकाठच्या हिरव्या पट्ट्यात मधोमध एक मोठा करडा तुकडा दिसायचा. नव्या लुगड्याला जुनं ठिगळ लावावं तसा. अलीकडे गहू, पलीकडे हरभरा आणि मध्ये नुसती ढेकळं. मी सात-आठ वर्षांची असेन. आबांचं, म्हणजे आजोबांचं, बोट धरून टेकडीवरच्या देवीला गेले होते. मी विचारलं, "आबा, ती कोरडी जमीन कुणाची?" आबा म्हणाले, "सगळासनी शे ती."

सगळ्यांची. ते उत्तर मला पटलं नाही. बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात, हे त्या वयातही मला माहीत होतं. मग एवढी मोठी जमीन सगळ्यांची कशी असेल, आणि असलीच तर ती उपाशी का ठेवली असेल? आबांनी समजावून सांगितलं असणार. माझ्या लक्षात फक्त ते उत्तर राहिलं. त्याचा अर्थ कळायला मला पुढची तीसेक वर्षं लागली, आणि त्या तीस वर्षांत आमच्या घराची दोन घरं होऊन गेली.

आमचं गाव धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठांवर जी फड पद्धत होती, तिच्यावर जगलेलं. ही पद्धत तीन-चारशे वर्षं जुनी मानली जाते. नदीवर दगड-चुन्याचा बुटका बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ. थळाचे मोठाले भाग पाडलेले, बहुतेक ठिकाणी चार. त्यातला एकेक भाग म्हणजे एक फड. एका फडात एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस असेल तर सगळ्यांचा ऊस, त्या फडात गहू असेल तर सगळ्यांचा गहू. कुठल्या फडात काय लावायचं ते हंगामाआधी गाव बसून ठरवी, आणि दरवर्षी पिकं फिरवली जात. पाटाची देखभाल पाटकऱ्याने करायची, शेताशेतात पाणी बारेकऱ्याने सोडायचं, उभ्या पिकावर जागल्याने नजर ठेवायची, या सगळ्यांवर हवालदार. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने पाटाचं पाणी आपल्या वाफ्यात वळवायचं नाही. पाणी सोडणारा माणूस सगळ्यांचा, म्हणून तो कुणा एकाचा नाही.

पण या पद्धतीची खरी मेख वेगळीच आहे. बहुतेक प्रत्येक शेतकऱ्याची जमीन एकाच जागी नसून थोडी या फडात, थोडी त्या फडात अशी पसरलेली असायची. शेतीशास्त्राच्या पुस्तकात हे वाईटच ठरेल. तुकडे लहान, नांगर वळवायला त्रास, ये-जा जास्त. पण पाऊस कमी झाला आणि बंधाऱ्यात पाणी थोडं आलं, की गाव ठरवायचं: यंदा अमुक फड कोरडा ठेवायचा. तो फड कोरडा राहिला की प्रत्येकाचा एकेक तुकडा कोरडा राही. पाटलाचाही आणि दोन बिघेवाल्याचाही. पाटाच्या तोंडाशी जमीन आहे म्हणून कुणी वाचला नाही, शेपटाशी आहे म्हणून कुणी मेला नाही. टेकडीवरून दिसलेलं ते ठिगळ म्हणजे गावाने वाटून घेतलेलं नुकसान होतं.

यात माणसाला सोडावं लागे ते थोडंथोडकं नव्हतं, हेही सांगायला हवं. माझ्या जमिनीत मी काय पेरावं, हे मी एकट्याने ठरवायचं नाही. मुलीच्या लग्नाला पैसा हवा म्हणून मला ऊस लावायचा असेल, पण माझ्या मोठ्या तुकड्याचा फड यंदा हरभऱ्याचा असेल, तर हरभरा. आबांना हे कितीदा खुपलं असेल. तरी ते बसत होते, भांडत होते आणि ठरेल ते मान्य करून उठत होते.

मग वरच्या अंगाला धरणं झाली, नदीचं वाहणं बदललं. त्याहून मोठा बदल विहिरींनी आणि विजेच्या मोटारींनी केला. ज्याच्याकडे विहीर त्याला पाटाची गरज नाही. ज्याला पाटाची गरज नाही त्याला बैठकीत बसायची गरज नाही. फड पद्धत मोडली असं कुणी कधी जाहीर केलं नाही. बैठकीला येणारी माणसं कमी होत गेली, एवढंच. विहिरीने आम्हाला पाणी दिलं याबद्दल माझ्या मनात तक्रार नाही. माझं शिक्षण त्या पाण्यावर झालं. पण शेजाऱ्यावाचून आपलं अडत नाही, ही भावनाही तिनेच दिली, आणि ती भावना मला अवर्षणापेक्षा जास्त घातक वाटते.

आमचं भांडण विहिरीवरच झालं.

नाना म्हणजे माझे वडील, आप्पा त्यांचे धाकटे भाऊ. आबा गेल्यावर तोंडी वाटणी झाली. फडातली जमीन निम्मी-निम्मी, वरची निम्मी-निम्मी. विहीर आप्पांच्या हिश्शात आली, पण सामाईक राहिली. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात तशी नोंदही होती: विहिरीत अर्धा हिस्सा. पाण्याची पाळी चार दिवस त्यांची, चार दिवस आमची. बरीच वर्षं हे सुरळीत चाललं. मग भारनियमनाचे दिवस आले. शेतीच्या फिडरला काही दिवस दिवसा वीज आणि काही दिवस फक्त रात्री. या वेळापत्रकाचा आणि आमच्या चार दिवसांच्या पाळीचा मेळ बसेना. एका हिवाळ्यात असं झालं, की नानांची पाळी आली की वीज रात्रीची आणि आप्पांची आली की दिवसाची. पौषातल्या थंडीत रात्री दोन वाजता नाना बॅटरी घेऊन गव्हाला पाणी भरायला जात. पायात चिखल, अंगात घोंगडी, उसाच्या रानात बिबट्या असल्याची बोलवा. नानांनी दोन दिवस बदलून मागितले. आप्पा म्हणाले, "पाळी म्हणजे पाळी." आप्पांचंही चूक नव्हतं. ठरलं होतं तसंच ते वागत होते.

पंधरा दिवसांनी आमच्या स्टार्टरच्या पेटीतला किटकॅट, म्हणजे फ्यूज, गायब झाला. गहू ओंबीवर आलेला. नवीन किटकॅट आणून मोटार चालू करेपर्यंत पाळी उलटून गेली होती. तो कुणी काढला ते आजपर्यंत ठरलेलं नाही. घरात मात्र त्याच रात्री ठरलं. मग पुढच्या नांगरटीला आप्पांनी बांध कोरला, असं नाना म्हणाले. नानांनी कोरला, असं आप्पा म्हणाले. सरकारी मोजणी आणली, ती एकाला मान्य झाली नाही. दिवाणी दावा लागला. दावा चौदा वर्षं चालला.

या चौदा वर्षांतलं एकच सांगते. तारखेच्या दिवशी तालुक्याला जायला सकाळची एकच एसटी सोयीची होती. दोघे भाऊ त्याच एसटीने जात. एक पुढच्या बाकावर, एक मागच्या. कोर्टात नाव पुकारलं जाई, पुढची तारीख मिळे, आणि दोघे त्याच एसटीने परत येत. आईच्या पाटल्या याच काळात गेल्या. माझ्या लग्नात आप्पा आले नाहीत. मंडपात मामा होते, काका नव्हते. लोकांनी विचारलं तेव्हा आईने "त्यांना बरं नाही" असं सांगितलं. मला ते खोटं फार लागलं होतं.

२०१७ मध्ये प्रकरण लोकअदालतीत मिटलं. लोकअदालतीची तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातली. तिथे झालेल्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकं वजन असतं, त्यावर अपील नसतं आणि भरलेलं कोर्ट शुल्कही परत मिळतं. गावोगावच्या भाऊबंदकीला यापेक्षा स्वस्त दार मला माहीत नाही. आमच्या तडजोडीच्या कागदावर दोनच गोष्टी होत्या: बांध मोजणीप्रमाणे आणि विहीर निम्मी-निम्मी. मी तो कागद वाचला तेव्हा मला रडू आलं. विहीर निम्मी-निम्मी हे तर सातबाऱ्यावर पहिल्यापासून लिहिलेलं होतं. चौदा वर्षं कशासाठी गेली?

पण खरी तडजोड कागदावर नव्हतीच. ती कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाडीवर झाली. नानांनी मला ती नंतर कितीतरी वेळा सांगितली. सह्या झाल्यावर दोघे बाहेर आले, एसटीला वेळ होता, चहावाल्याने न विचारताच दोन कप पुढे केले. आप्पा कपाकडे बघत म्हणाले, "नाना, रात बी निम्मी-निम्मी करू."

दिवसांची पाळी मोडायची. विजेचं वेळापत्रक येईल तसं बसायचं आणि दिवसाची वीज निम्मी, रात्रीची वीज निम्मी, असं वाटून घ्यायचं. एवढंच. पाणी तर तेव्हाही निम्मं-निम्मं होतं. रात्र मात्र एकाच्याच वाट्याला येत होती. भांडण पाण्याचं आहे असं सगळ्यांना वाटलं, वकिलांना, कोर्टाला, मलासुद्धा. होतं ते रात्रीचं.

त्या दिवसापासून मला तो कोरडा फड पुन्हा दिसायला लागला. तडजोड म्हटलं की आपण चांगल्या गोष्टीची वाटणी डोळ्यांपुढे आणतो. तुला इतकं, मला इतकं. पण चांगलं वाटायला फारसं शहाणपण लागत नाही, ते मोजता येतं. वाटून घ्यायचा असतो तो त्रास: कोरडेपणा, रात्र, थंडी, वाट पाहणं. माणसं एकत्र राहू शकतील की नाही, ते त्रासाची वाटणी कशी झाली यावर ठरतं, असं मला आता ठामपणे वाटतं.

मराठीत या गोष्टीला किती शब्द आहेत. समेट, सलोखा, दिलजमाई, सामोपचार, मांडवली. प्रत्येकाची चव निराळी. दिलजमाईत ऊब आहे, मांडवलीत व्यवहार आहे, समेटात थकलेल्या माणसांचा सुस्कारा आहे. तडजोड या शब्दात मला 'तड' ऐकू येते, तडीस नेण्यातली तड, आणि मग 'जोड'. शेवटापर्यंत नेऊन सांधायचं. इतका चांगला शब्द, पण बायकांच्या तोंडी तो कसा येतो ते ऐका. "बाईच्या जातीला तडजोड करावीच लागते." माझ्या आईने हे वाक्य मला लग्नाच्या आधी सांगितलं होतं, तिच्या आईने तिला. या वाक्यात तडजोड म्हणजे गप्प बसणं, नमतं घेणं, चालवून घेणं. दुसऱ्या बाजूने काय सोडायचं याचा तिथे उल्लेखही नसतो. ज्या फडात एकाच माणसाची सगळी जमीन आहे आणि दरवर्षी तोच फड कोरडा ठेवला जातो, त्याला तडजोड म्हणता येणार नाही. त्याला दुसरे शब्द आहेत. माझ्या पिढीच्या अनेकजणींना तडजोड या शब्दाचीच चीड येते ती यामुळे, आणि ती चीड रास्त आहे.

तरीही मी या शब्दाची बाजू घेऊन लिहिते आहे, कारण आजूबाजूला जे दिसतं त्याने झोप लागत नाही. मागच्या निवडणुकीत आमचा कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप फुटला. इतक्या वर्षांनी जुळलेली दोन घरं, त्यातली तरुण मुलं, एकाच विहिरीच्या पाण्यावर वाढलेली, एकमेकांना असं काही बोलली की ते इथे लिहवत नाही. आता दोन ग्रुप आहेत. आरक्षणाच्या प्रश्नावर गावातली माणसं एकमेकांच्या किराणा दुकानात जाईनाशी झाली, असं मी ऐकते. राज्याच्या पातळीवर पाणीही असंच. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं समन्यायी वाटपाचं सूत्र आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातून आणि मेंढेगिरी समितीच्या कामातून ते आलं. त्यामागचा विचार आबांच्या फडाचाच आहे: तुटीच्या वर्षी तूट सगळ्या खोऱ्याने वाटून घ्यावी. पण पाणी सोडायची वेळ आली की नाशिक-नगर एकीकडे, मराठवाडा दुसरीकडे, आंदोलनं, कोर्ट. २०२३ मध्येही ते झालं. मला दोन्हीकडची चिडलेली माणसं समजतात. ज्याच्या द्राक्षबागेचं पाणी जातं त्याला खोऱ्याचा नकाशा दाखवून उपयोग नाही. फडात माणसाला आपला कोरडा तुकडा आणि शेजाऱ्याचा कोरडा तुकडा एकाच नजरेत दिसत होता. पैठण आणि निफाड एका टेकडीवरून दिसत नाहीत.

न दिसणाऱ्या माणसांशीही तडजोड करता येते का? येते. आपलं राज्यघटनेचं पुस्तक उघडलं तर ३४३ वं कलम वाचा. १९४९ च्या सप्टेंबरात घटनासभेत भाषेवरून जी चर्चा झाली, तिच्यात सगळ्यांत चिवट ठरला तो आकड्यांचा प्रश्न. हिंदी देवनागरीत असेल हे बरेच जण मान्य करायला तयार होते, पण अंक कुठले? १, २, ३ की जगभर चालतात ते? उत्तरेकडच्या अनेक सदस्यांना देवनागरी अंक हा मानाचा प्रश्न वाटत होता. दक्षिणेच्या सदस्यांना तो लादण्याचा वाटत होता. शेवटी कन्हैयालाल मुन्शी आणि गोपालस्वामी अय्यंगार यांच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र पुढे आलं आणि १४ सप्टेंबरला ते स्वीकारलं गेलं. संघराज्याची राजभाषा हिंदी, लिपी देवनागरी, इंग्रजी आणखी १५ वर्षं, आणि अंक? 'भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप'.

या चार शब्दांवर माझा जीव जडला आहे. ते अंक मुळात इथूनच बाहेर गेले हे खरंच आहे. म्हणजे देवनागरी अंकांसाठी लढणाऱ्याला परके अंक स्वीकारल्याचा कमीपणा नाही आणि दुसऱ्यालाही हवं ते मिळालं. त्या सभागृहात कुणीतरी बसून, समोरच्या माणसाला मान खाली न घालता मागे कसं सरता येईल, याचा विचार केला होता. शब्द शोधले होते. आज कोण कुणासाठी असे शब्द शोधतं? आपण समोरच्याने मागे तर सरावंच, शिवाय चारचौघांत सरावं, अशी अपेक्षा धरतो.

आणि ती तडजोडही कायमची नव्हती. १५ वर्षं १९६५ च्या २६ जानेवारीला भरत होती, आणि मद्रास राज्य पेटलं. माणसं मेली. १९६३ च्या राजभाषा कायद्यात १९६७ मध्ये दुरुस्ती करून इंग्रजीचं सोबत राहणं पक्कं करावं लागलं. म्हणजे पुन्हा बसावं लागलं. बंधाऱ्यात पाणी किती आलं ते पाहून गाव दरवर्षी बसायचं तसं. तडजोड एकदा केली की मिटलं, असं आपल्याला वाटतं, आणि ती मोडली की ती खोटीच होती असं आपण म्हणतो. ती खोटी नव्हती. हंगाम बदलला होता. आप्पांचं "पाळी म्हणजे पाळी" हेच चुकलं होतं. पाळी भारनियमनाच्या आधीची होती.

आता आत्याबद्दल लिहायला हवं. हा भाग मी टाळत होते, कारण यात माझीही चूक आहे.

कोर्टाचं मिटल्यावर दोघा भावांनी जमिनीची वाटणी नोंदवायचं ठरवलं. बांधाच्या वादात आमची एक पट्टी आप्पांच्या वहिवाटीत आणि त्यांची एक आमच्या वहिवाटीत, असं वर्षानुवर्षं चालू होतं. (अशा अदलाबदलीसाठी २०२३ मध्ये राज्य सरकारने सलोखा योजना आणली. बारा वर्षांपासून एकमेकांच्या ताब्यात असलेली जमीन हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करता येते. आमच्या वेळी ती असती तर बरं झालं असतं. गावागावांत हिची माहिती अजून पोचायला हवी.) वाटणीपत्रासाठी आत्याचं हक्कसोड पत्र लागणार होतं. आत्या त्या दोघांची थोरली बहीण, निजामपूरकडे दिलेली. तिला निरोप गेला. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की ती येईल, सही करेल, साडीचोळी घेऊन जाईल. मुली तेच करत आल्या आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हिस्सा दिला. कायद्याने दिला आणि हक्कसोड पत्राने परत घेतला, असं घरोघरी घडतं.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर बाकावर बसून आत्याने तो मसुदा माझ्याकडून वाचून घेतला. मी शिकलेली म्हणून. मी वाचत गेले: राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, मोबदला न घेता. आत्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात तुना बापनी काय सोडं? आप्पानी काय सोडं?" मी कागद पुन्हा पाहिला. त्यात दोघांनी सोडलेलं काहीच नव्हतं. भावाभावांची जी दिलजमाई सगळं गाव वाखाणत होतं, तिची किंमत तिसरीच्या खिशातून जाणार होती. मला हे कळलं, आणि मी म्हणाले, "आत्या, करून टाक, घरात शांतता राहील." मी असं म्हणाले. आत्या उठली आणि स्टँडवर जाऊन उभी राहिली.

दडपणाखाली सही घेतली तर कागद होतो, तडजोड होत नाही. हे आपल्या राज्याला नवं नाही. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचं प्राणांतिक उपोषण चालू होतं, आणि जातीय निवाड्याने अस्पृश्यांना मिळालेले स्वतंत्र मतदारसंघ बाबासाहेबांनी सोडावेत, असं देशभरातून त्यांना सांगितलं जात होतं. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१ होत्या त्या १४८ झाल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेले. आकडे पाहिले तर दोन्ही बाजूंनी काही दिलं, काही घेतलं. पण एकीकडे महात्म्याचा प्राण पणाला लागलेला असताना, आणि त्यांना काही झालं तर गावोगावच्या वस्त्यांवर राग निघेल ही धास्ती असताना, 'नाही' म्हणायची मोकळीक कितीशी उरते? बाबासाहेबांनी पुढे या करारावर कडक टीका केली. पुणे कराराचा तडजोडीचा नमुना म्हणून गौरव होतो तेव्हा मला तो बाक आठवतो. मोठी गोष्ट आणि लहान गोष्ट एका मापाने मोजू नये हे मला कळतं. पण 'घरात शांतता राहील' हे वाक्य दोन्हीकडे होतं, आणि ते कुणाला सांगितलं गेलं हेही दोन्हीकडे सारखंच होतं.

दोन वर्षं आत्या माहेरी आली नाही. आखाजीलाही, म्हणजे अक्षय तृतीयेलाही, नाही. खानदेशात आखाजीला लेक आली नाही की अंगणातला झोका बघवत नाही. मी तिला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, "तू लहान आहेस." मी तेव्हा चाळिशीला आले होते.

शेवटी पुढाकार घेतला तो आईने. जिने मला ते वाक्य सांगितलं होतं, तिने. ती आणि काकू, चौदा वर्षं एका आडावर पाणी भरताना एकमेकींशी न बोललेल्या दोघी, एका सकाळी एसटीने निजामपूरला गेल्या. भावांना सांगितलंही नाही. तिथे काय बोलणं झालं ते मला पुरतं माहीत नाही, तिघीही सांगत नाहीत. परत आल्यावर आईने नानांना एवढंच सांगितलं, की आत्याचं नाव सातबाऱ्यावर लागेल. नाना दोन दिवस जेवले नाहीत. आप्पांनी तलाठ्याकडे जाऊन चौकशी केली, तुकडेबंदीमुळे लहान तुकडा वेगळा करणं अवघड, सामाईकात नाव लावता येईल. तिला विचारलं, विहिरीखालच्या बागायतीत हिस्सा घेतेस का? वरची जमीन, बारमाही पाणी, भाव चांगला. आत्या नाही म्हणाली. तिला फडातला हवा होता. आबांच्या हातचा. "पानी उनं तरी तुमनासंगे, नही उनं तरी तुमनासंगे," असं म्हणाली. पाणी आलं तरी तुमच्यासोबत, नाही आलं तरी तुमच्यासोबत.

फडात आता पूर्वीचं काही उरलेलं नाही. बंधारा गाळाने भरलेला, हवालदार नाही, बैठक कधी होते कधी नाही. तरी पाट अजून थोडा वाहतो आणि काही घरं अजून ठरवून पेरतात. फेरफार मंजूर झाला. पहिल्या वर्षी आत्याच्या वाट्याला तीन पोती गहू आला. नाना आणि आप्पा दोघे ट्रॅक्टरवर बसून तो घेऊन गेले.

पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला आणि आमच्या तुकड्याचा फड कोरडा राहिला. आखाजीला आत्या आली. दोघा भावांनी विहिरीखालच्या आपापल्या गव्हातून एकेक पोतं काढून ओसरीवर ठेवलं होतं, तिला न्यायला. आत्याने पोत्यांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "फड कोरडा होता ना?" म्हणाली. नाना काही बोलले नाहीत. तिने एका पोत्याची सुतळी सोडली, नानांच्या की आप्पांच्या ते तिलाही माहीत नव्हतं, सुपात दोन शेर गहू काढून घेतला आणि पोतं पुन्हा बांधलं. "मांड्यांपुरता बस," म्हणाली, आणि माझ्या मुलाला हाक मारून गिरणीवर पिटाळलं.